मॉनिटर काळा, लॅपटॉप चालू

सेकंड हँड मॉनिटर घेतलात, एचडीएमआय केबल लावली आणि समोर दोनच शब्द आले : 'नो सिग्नल'. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मात्र मजेत चालू. त्यावर उबुंटू, मिंट किंवा फेडोरा असेल, तर रूममेटचं निदान ठरलेलं असतं : "लिनक्सला हे झेपत नाही रे, विंडोज टाक." दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन असेल, तर ते पटतंही. मग रात्री दोन वाजता अख्खी डिस्क फॉरमॅट होते आणि घाईत एखादा फोल्डर कॉपी करायचा राहूनच जातो. सेमिस्टरभराचं काम गेलं!

खरं तर बहुतेक वेळा फॉरमॅट करायची गरजच नसते. चित्र मॉनिटरपर्यंत पोचतं ते पाच जणांच्या साखळीतून : ड्रायव्हर, ग्राफिक्स चिप, पोर्ट, केबल आणि मॉनिटर. यातली एक कडी निसटली की स्क्रीन काळी. तेव्हा कुठली कडी निसटली, एवढंच शोधायचं. बाहेरून आत यायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी केबल, मग टर्मिनल

मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट तपासा. केबल 'एचडीएमआय २'मध्ये आणि मॉनिटर 'एचडीएमआय १'ची वाट बघतोय, असं सर्रास होतं. मग तीच केबल आणि तोच मॉनिटर मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे चाललं, तर दोघंही निर्दोष. तुमच्याकडे ड्युअल बूट असेल तर आणखी सोपं. विंडोजमध्ये चित्र येतंय आणि लिनक्समध्ये नाही, म्हणजे केबल आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत, गडबड सॉफ्टवेअरमध्ये आहे.

यूएसबी-सी पोर्टची गोष्ट वेगळी. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगसाठी असतात. पोर्टशेजारी विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टचं 'डी'सारखं चिन्ह असेल तर आशा आहे. काहीच नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची माहिती वाचा. फोनच्या चार्जरसोबत आलेल्या केबलमधूनही बऱ्याचदा चित्र जात नाही. इथे विंडोज टाकूनही काही फरक पडणार नाही.

आणि चित्र येतंय, पण १०२४ बाय ७६८ वर अडकलंय? प्रत्येक मॉनिटर जोडल्या जोडल्या आपली कुंडली लॅपटॉपला देतो : माझं रिझोल्युशन एवढं, रिफ्रेश रेट एवढा. तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्तातला व्हीजीए कन्व्हर्टर मध्ये असला की कधी कधी ही कुंडली पलीकडे पोचत नाही आणि लॅपटॉप अंदाजाने लहान रिझोल्युशन धरतो. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरवर स्लाइड्स ओबडधोबड दिसतात, त्यामागे हेही एक कारण असतं. तिथे ड्रायव्हर नाही, आधी कन्व्हर्टर बदलून बघा.

एका लॅपटॉपमध्ये दोन चिप

आता मुख्य मुद्दा. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरमधलीच, इंटेल किंवा एएमडीची, कमी बॅटरी खाणारी. दुसरी स्वतंत्र, बहुतेक वेळा एनव्हीडियाची. लॅपटॉपची स्क्रीन सहसा पहिलीवर चालते. पण बऱ्याच मॉडेल्समध्ये एचडीएमआय पोर्ट थेट दुसऱ्या चिपला जोडलेला असतो.

म्हणजे एनव्हीडियाचा ड्रायव्हर नीट चालत नसला, तरी लॅपटॉप एकदम ठणठणीत दिसतो. ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतो, फक्त बाहेरचा मॉनिटर मेलेला. आपण केबलला शिव्या घालत बसतो. बॅटरी वाचवण्यासाठी कुणी एनव्हीडिया चिप बंदच करून ठेवली असेल, तरीही हेच होतं. उबुंटूवर एनव्हीडियाच्या सेटिंग्जमध्ये 'प्राइम प्रोफाइल्स'खाली इंटेलचा पर्याय निवडलेला असेल, तर तो 'ऑन डिमांड' करा आणि रीस्टार्ट करा.

हे दुखणं जुनंच आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत एनव्हीडियाला मधलं बोट दाखवलं होतं. ती क्लिप तुम्ही पाहिली असेल. त्याआधी प्रेक्षकांतून आलेला प्रश्न अशाच दोन चिपच्या लॅपटॉपबद्दल होता. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर खुले आहेत, ते लिनक्सच्या कर्नलसोबतच येतात. एनव्हीडियाने मात्र आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंद पेटीत ठेवला. कर्नलशी जोडणारा भाग कंपनीने खुला केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही तुलनेने नव्या कार्डांसाठी.

ड्रायव्हर नेमका कुठला चाललाय?

अंदाज नको, विचारूनच घ्या. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान लिपीत सलग 'एलएसपीसीआय' लिहा, स्पेस देऊन 'डॅश के' जोडा आणि एंटर मारा. यादीत 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' लिहिलेल्या ओळी शोधा. प्रत्येकीखाली सध्या वापरात असलेला ड्रायव्हर दिसेल. एनव्हीडियाखाली 'नूव्हो' दिसला, तर तो स्वयंसेवकांनी उलट अभ्यास करून लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे. काही कार्डांवर तो छान चालतो, काहींवर रडतो. काहीच दिसलं नाही, तर चोर सापडला.

कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा तर उबुंटूवर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स', मिंटवर 'ड्रायव्हर मॅनेजर' वापरा. फेडोरावर तो 'आरपीएम फ्यूजन'मधून मिळतो. एनव्हीडियाच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने बसवायच्या फंदात पडू नका. पुढच्या अपडेटला तीच अंगाशी येते.

ड्रायव्हर टाकूनही काही हललं नाही, तर तीन संशयित :

पहिला, सिक्युअर बूट. तो चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. इन्स्टॉल करताना एखादा पासवर्ड ठरवायला सांगितला होता? रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तो देऊन 'एनरोल' करायचं असतं. घाईत आपण 'कंटिन्यू बूट' दाबतो आणि ड्रायव्हर दाराबाहेरच राहतो.

दुसरा, नवा कर्नल. काल चालत होतं, आज अपडेटनंतर बंद? नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधला जाताना काहीतरी फसलेलं असू शकतं. बूटच्या वेळी ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. चाललं, तर रात्र वाचली. दुरुस्ती सावकाश करा.

तिसरा, 'नोमोडसेट'. लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली म्हणून कुणीतरी हा शब्द बूटच्या ओळीत घालायला सांगितलेला असतो. काम झाल्यावर तो काढायचा राहतो. तो असेपर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर नीट ताबा घेत नाही आणि दुसरा मॉनिटर बहुधा दिसतच नाही. ग्रबच्या सेटिंगमधून तो काढा, ग्रब अपडेट करा.

आंधळेपणाने पेस्ट नको

सगळ्यात महागात पडते ती एक सवय. 'सुडो'ने सुरू होणाऱ्या कमांड दिसतील तिथून उचलायच्या आणि एकामागून एक पेस्ट करत सुटायचं. दहा बदल केल्यावर मॉनिटर लागला, तरी कशामुळे ते कळत नाही. बिघडलं, तर काय उलटवायचं तेही कळत नाही. कमांड काय करते ते आधी वाचा आणि केलेला प्रत्येक बदल वहीत एका ओळीत लिहा. मदत मागताना "चालत नाहीये यार" म्हणू नका. लॅपटॉपचं मॉडेल, डिस्ट्रो आणि तिचा नंबर, वापरात असलेला ड्रायव्हर आणि बिघडण्याआधी काय बदललं, या चार गोष्टी सांगा. समोरच्याचा अर्धा तास वाचतो आणि उत्तरही सरळ मिळतं.

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी मात्र कुठलंही अपडेट मारू नका. त्या खोलीतल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप एकदा जोडून बघा. आणि स्लाइड्सची एक पीडीएफ पेन ड्राइव्हवर असू द्या. ती कुठल्याही ड्रायव्हरवर उघडते.