द्रवाची उष्णतावाहकता कशी मोजतात?

चुलीवर पाण्याचें पातेलें ठेवलें म्हणजे थोड्याच वेळांत सगळें पाणी तापतें. त्यावरून पाणी हें उष्णतेचें उत्तम वाहक असावें, असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति मात्र उलट आहे. तळचें तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, वरचें थंड पाणी खालीं येतें, आणि या अभिसरणानें उष्णता सर्वत्र पोंचते. तेंच पाणी वरून तापविलें, तर तळाशीं अडकवून ठेवलेला बर्फाचा खडा पुष्कळ वेळ टिकतो. काउंट रम्फर्ड यानें तर १७९७ सालीं, द्रव उष्णता मुळींच वाहून नेत नाहींत, असें प्रतिपादन केलें. तें पुढें खोटें ठरलें. द्रव उष्णता वाहतात, पण फार थोडी. पाण्याची वाहकता दर मीटरास दर अंशास सुमारें ०.६ वॅट, तर तांब्याची सुमारें ४००.

ही अल्प वाहकता मोजतांना अभिसरण हाच मुख्य शत्रु होय. द्रव किंचित् हलला, तरी हालचालीनें नेलेली उष्णता वहनाच्या खातीं जमा होते व आंकडा फुगतो. यावर तप्त तारेची युक्ति योजितात. केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार द्रवांत उभी ताणून तींतून एकाएकीं विद्युत्प्रवाह सोडतात. तार तापते, आणि तापमानाबरोबर तिचा विद्युत्-रोध वाढतो. म्हणून तीच चूल आणि तीच उष्णतामापक. द्रव जितका मंद वाहक, तितकें तारेचें तापमान झपाट्यानें चढतें. सारें मापन एखाद्या सेकंदांत उरकतात, म्हणजे अभिसरणास अवसरच मिळत नाहीं. उपकरण बरोबर आहे कीं नाहीं, हें पाणी किंवा टोल्युईन अशा परिचित द्रवांवर आधीं पडताळतात.

द्रवांत घन कण मिसळले कीं अडचणी वाढतात. कण तळाशीं बसतात किंवा गुठळ्या बांधतात. मग सकाळचा द्रव संध्याकाळीं तोच राहत नाहीं. द्रव विजेचा वाहक असेल तर प्रवाह तारेबाहेर फुटतो; म्हणून तारेवर पातळ विद्युद्रोधक लेप द्यावा लागतो.

या काळजीचें महत्त्व एका वादानें दिसून आलें. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलें कीं, एथिलीन ग्लायकॉलमध्यें तांब्याचे अतिसूक्ष्म कण आकारमानानें अवघे ०.३ टक्के मिसळतांच वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. मॅक्सवेलच्या एकोणिसाव्या शतकांतील सूत्राप्रमाणें, सुटे गोल कण असतां ही वाढ एक टक्क्याहूनहि कमी यावयास हवी होती. इंजिनें व गणकयंत्रें थंड ठेवणारांच्या आशा पालवल्या. परंतु निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आंकडे जुळेनात.

अखेर जगांतील तीसांहून अधिक संस्थांनीं अशा द्रवांचे एकसारखे नमुने वाटून घेऊन आपापल्या रीतीनें मोजले. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. बहुतेकांचीं मापें सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आंतच होतीं, आणि त्या नमुन्यांत जुन्या सिद्धांताबाहेरची अद्भुत वाढ आढळली नाहीं. कण मिसळल्यानें वाहकता वाढते हें खरें. पण ती बेतानेंच.

म्हणून अशा द्रवाच्या गुणांची जाहिरात वाचतांना केवळ टक्केवारीवर भुलूं नये. तो कसा मोजला, किती वेळांत मोजला, कण बसले होते काय, आणि दुसऱ्या कोणीं तेंच माप काढलें काय, हे चार प्रश्न आधीं विचारावे.