थरांमधून उमटणारा लाल

यान व्हॅन आयकने 1433 मध्ये रंगवलेले लाल शिरोवस्त्रातील पुरुषाचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ओक लाकडाची ती फळी जेमतेम 26 बाय 19 सेंटिमीटरची. तिच्यावरचा खोल लाल मात्र ट्यूबमधल्या कोणत्याही एका लाल रंगाने साधत नाही. तो थरांनी घडलेला आहे. ते थर समजून घ्यायला अनुकृती करण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही: 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याची भित्तिचित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली.

पूर्ण चित्रापेक्षा शिरोवस्त्राचा एखादा तुकडा निवडणे शहाणपणाचे. फळीवर पांढरा, गुळगुळीत लेप, त्यावर रेखाटन, मग अंडरपेंटिंग. चुण्यांचे चढउतार आणि उजेड-सावली इथेच अपारदर्शक रंगात पुरी करायची, कारण वरचा ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ थर, पारदर्शक असल्याने खालची चूक झाकत नाही.

खरी गंमत ग्लेझमध्ये आहे. त्या काळचे चित्रकार हिंगुळाच्या अपारदर्शक लालावर किरमिजी रंगाचे पातळ, तेलकट थर चढवत. अशा रंगांसाठी भारतातून जाणारी लाखही वापरली जाई. प्रकाश या थरातून आत शिरतो, खालच्या उजळ रंगावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो; असा दोनदा गाळला गेल्याने लाल आतून पेटल्यासारखा दिसतो. चुणीच्या खोलीत ग्लेझ साठू द्यायचा, उंचवट्यावरून बोटाने किंवा चिंधीने टिपून घ्यायचा. थर किती पातळ असावा? मोनालिसाच्या चेहऱ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा काही थर एक-दोन मायक्रोमीटरचेच निघाले; 2010 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा लावता येत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पनवेलजवळच्या नेऱ्यासारख्या गावात पावसाळी दमट हवेत त्याला आणखी वेळ लागतो, म्हणून हे काम हिवाळ्यात काढावे. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम पाळावा; उलट झाले की वरचा थर पुढे तडकतो. वार्निश साधारण सहा महिन्यांनी, रंग आतपर्यंत वाळल्यावर.