जुन्या गाडीचे शॉकअप बदलताना

आपल्या घरांत नवी कोरी मोटार क्वचित येते. येते ती दुसऱ्याच्या, कधी तिसऱ्याच्या हातून उतरलेली. कोणाचा भाऊ पुण्यात कंपनीत आहे, त्याने मोठी गाडी घेतली आणि जुनी गावाकडे पाठवली. कोणी निवृत्त झालेल्या साहेबांची घेतली. नायगाव, नरसी, बिलोली, मुखेड या पट्ट्यात फिरलात तर वॅगन-आर, अल्टो, सँट्रो, इंडिका अशा दहा-पंधरा वर्षे जुन्या गाड्या जागोजागी दिसतील. मारुती ८०० बनणे जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण आमच्याकडे ती अजून निकाहाला जाते, दवाखान्यात जाते आणि सुगीत कापूस वेचणाऱ्या बायकांचा डबाही पोचवते.

अशा गाडीचे इंजिन सहसा लवकर दगा देत नाही. आधी थकतो तो खालचा भाग. आमच्या घरी २००७ची वॅगन-आर आहे. शाळेला जायला-यायला मीच चालवते. दोन वर्षांपूर्वी तिचे शॉकअप, स्प्रिंग आणि रबर असे सगळे काम काढले. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून विचारणा होते : शॉकअप बदलू का? स्प्रिंगला बफर घालू का? गाडी थोडी उंच करून घेऊ का? हा लेख त्यासाठीच.

पहिली गोष्ट, स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी कामे करतात. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप काहीच पेलत नाही. स्प्रिंग दाबली गेली की ती उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार; ही उसळी आवरायची एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात एक दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून कष्टाने जावे लागते आणि उसळीचा जोर उष्णता होऊन जातो. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून थांबलात तर चांगला शॉकअप हाताला कोमट लागतो तो यामुळेच.

छोट्या गाड्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर बसवलेले असतात. याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५०च्या सुमारास फोर्डच्या युरोपातील गाड्यांत आली. जागा कमी लागते आणि खर्चही कमी, म्हणून पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी ती उचलली. जुन्या वॅगन-आरमध्ये मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून मागचे काम सोपे आणि स्वस्त, पुढचे किचकट आणि महाग.

आता आपल्या रस्त्यांकडे बघा. आपली जमीन काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा डांबरी थर मग सपाट राहत नाही, त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो, आपण वेग कमी करतो. लाट दिसत नाही. साठच्या वेगाने गाडी लाटेवर जाते आणि शॉकअप गेलेले असतील तर मागचा भाग दोन-तीनदा झुलतो. तेवढा वेळ टायर रस्त्याला नीट चिकटलेला नसतो. नेमके तेव्हाच समोर म्हैस आली आणि ब्रेक दाबला तर गाडी नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबते. म्हणजे हा प्रश्न फक्त आरामाचा नाही.

त्यात गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. आपल्याकडे ज्याच्या दारापुढे त्याच्या मर्जीचा. हातभर रुंद आणि वीतभर उंच अशा अडथळ्यावर रिकामी गाडीसुद्धा आदळते. मग जुन्या वॅगन-आरचे वजन साडेआठशे किलोच्या आसपास, त्यात पाच मोठी माणसे आणि सामान भरले की तीन-साडेतीनशे किलोची भर. वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त ओझे एका वेळी अंगावर येते.

घरातल्या बायकांना बिघाड आधी कळतो, हे मी पाहिले आहे. चालवणारा बसतो दोन चाकांच्या मधोमध, तिथे गाडी कमी झुलते. मागच्या सीटवरची माणसे बसतात जवळजवळ मागच्या चाकांवर. म्हणून पुढचा म्हणतो, ‘‘गाडी मस्त चालते,’’ आणि मागून अम्मी म्हणतात, ‘‘कंबर मोडली रे.’’ दोघेही खरेच बोलत असतात. माझ्या सासूबाईंना मणक्याचा त्रास आहे. नांदेडला दवाखान्यात न्यायचे म्हणजे जाताना सुमारे ५० किलोमीटर आणि येताना तेवढेच. त्या उशी पाठीला न लावता खाली घेऊन बसू लागल्या, तेव्हाच गाडी मिस्त्रीकडे न्यायची वेळ झाली होती.

तपासणी घरीही करता येते. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दोन-तीनदा दाबून सोडा. वर येऊन जागेवर बसली तर ठीक. आणखी एक-दोन हेलकावे खाल्ले तर त्या कोपऱ्याचा शॉकअप गेला. पण या परीक्षेत पास झाला म्हणून शॉकअप चांगलाच, असे समजू नका. चाकाआड वाकून बघा, नळीवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर सील गेले. टायरवरून तळहात फिरवा. ठिकठिकाणी उंच-सखल लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत चालले आहे.

आवाजही बोलतात. बारीक खडीवर, कमी वेगात खट-खट आवाज आला तर बहुतेक बुश किंवा बॉल जॉइंट. ब्रेक मारताना एकदाच धप्प झाले तर लोअर आर्मचे बुश बघायला सांगा. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग टणकन उडल्यासारखी वाटली तर स्ट्रटच्या वरचे माउंटिंग. पूर्ण वळण घेताना टक-टक-टक आवाज असेल तर तो शॉकअपचा नव्हे, एक्सलच्या जॉइंटचा. त्यासाठी कोणी शॉकअप बदलायला सांगत असेल तर दुसऱ्याला दाखवा.

आमच्या मिस्त्रींनी गाडी वर घेऊन एक लोखंडी दांडा बुशमध्ये घालून हलवून दाखवला. रबर चिरून सैल झाले होते. म्हणाले, ‘‘बाजी, इंजिन जवान है. घुटने गये इसके.’’ मग यादी केली : पुढचे दोन स्ट्रट, त्यांचे माउंटिंग, मागचे दोन शॉकअप, लोअर आर्म आणि स्टॅबिलायझर रॉडचे बुश, मागच्या आर्मचे बुश. स्प्रिंगचे नंतर ठरवायचे.

सुटे भाग आणायला नांदेडला गेलो तेव्हा दुकानात पहिला सल्ला मिळाला तो बफरचा. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये अडकवायचा रबरासारखा जाड तुकडा. पाच मिनिटांत बसतो, गाडी उंच दिसते, शॉकअपच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैसे. मोह होतो. मी घेतला नाही, आणि का ते सांगते. बफरमुळे स्प्रिंगची काही वेटोळी दबतच नाहीत, म्हणजे स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते. ती उसळी आवरायला शॉकअप आणखी दमदार लागतो, आणि आपला तर आधीच मेलेला. दुखणे शॉकअपचे आणि औषध स्प्रिंगला. शिवाय सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो. मागची माणसे पूर्वी झुलत होती, आता आदळतील.

गाडी उंच करण्याचेही तसेच. स्प्रिंगच्या वर-खाली चकत्या घालून दीड-दोन इंच उंची मिळते. पण वॅगन-आर आधीच उंच अंगाची, अरुंद चाकांची गाडी. वजन आणखी वर गेले की वळणावर ती जास्त कलते. पुढच्या एक्सलचा कोन बदलतो, त्याचे जॉइंट लवकर झिजतात. तरुण मुलांना हे पटत नाही; आमच्या भाच्याला अजून पटलेले नाही.

कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ मापाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच मापाचा, त्याच क्षमतेचा भाग बदलला तर काही अडचण नाही. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की पुढच्या नोंदणीसाठी ती आरटीओत तपासणीला उभी करावी लागते, तेव्हा खालून चकत्या लावलेली गाडी घेऊन जाणे बरे नव्हे.

मग जुन्या गाडीची सुधारणा म्हणजे काय? माझ्या मते, ती कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तिच्या जवळ नेणे. त्याच्यावर एखादी पायरी चढायची असेल तर ती शॉकअपच्या दर्जाची. बाजारात तेलाचे आणि गॅसचे असे दोन प्रकार सांगतात. गॅसच्या शॉकअपमध्येही तेल असतेच; सोबत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. खराब रस्त्यावर दट्ट्या सतत चालला की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि पकड सुटते. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. वॅगन-आरला कंपनीचे शॉकअप गॅसचेच, पण हातोहात फिरलेल्या गाडीला मधल्या कोणी स्वस्तातले साधे बसवलेले असू शकतात. आमच्या गाडीला मागे तसेच निघाले. मारुती ८०० सारख्या गाडीला साध्याऐवजी गॅसचे मिळत असतील तर आपल्या रस्त्यांसाठी तो पैसा वाया जात नाही. मात्र मॉडेल आणि वर्ष सांगून, पार्ट नंबर जुळवूनच घ्या. ‘सगळ्यांना बसतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

शॉकअप बनवणारी गॅब्रिएल ही कंपनी १९६१ पासून आपल्या महाराष्ट्रातच आहे, मोनरोसारखी इतर नावेही मिळतात. एकाच नावाचा आग्रह मी धरणार नाही. आग्रह धरायचा तो पक्क्या बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा. कच्च्या चिठ्ठीवर मिळणारा स्वस्त माल सील न तुटलेल्या खोक्यात असला तरी घेऊ नये. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक जुना असला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते.

स्प्रिंग आम्ही जुन्याच ठेवल्या. सपाट जागेवर उभी करून प्रत्येक चाकावर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घेतले, डावे-उजवे सारखे भरले, तडा कुठे नव्हता. सीएनजीची टाकी बसवलेल्या गाडीचे वेगळे. ती टाकीच पन्नास किलोहून अधिक, कायम मागच्या स्प्रिंगवर. काही मॉडेलच्या सीएनजी गाडीला कंपनीच मागे जास्त दमाची स्प्रिंग देते. तो पार्ट नंबर विचारून घेतला तर बफरची गरज पडत नाही. पॉलियुरेथेनचे कडक बुशही कोणी सुचवेल. ते टिकतात, पण रस्त्याची प्रत्येक थरथर आत आणतात. घरच्या गाडीला रबरच बरे.

खर्चाचे आकडे देत नाही, अंक हातात पडेपर्यंत बदलतात. प्रमाण सांगते : आमच्या बिलात पुढचे दोन स्ट्रट निम्म्याच्या आसपास, मागचे शॉकअप त्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त, उरलेल्यात रबर, माउंटिंग आणि मजुरी. पैसे एकदम जमत नसतील तर आधी बुश आणि माउंटिंग करून घ्या. नव्या शॉकअपला जुने सैल रबर ठेवले तर खट-खट तशीच राहते आणि लोक म्हणतात शॉकअप डुप्लिकेट निघाला.

बसवताना जवळ उभे राहा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणाला खाली शिरू देऊ नका, घोडी लावलीच पाहिजे. स्ट्रटच्या वरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय कधीही सोडायचा नाही. दबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. आमच्या मिस्त्रीकडे माझाच एक जुना विद्यार्थी हाताखाली असतो, त्याने आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आहे. त्याने एक गोष्ट केली ती सगळीकडे होत नाही : शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने धरू दिला नाही. त्यावर ओरखडा आला की सील महिन्याभरात गळते. दुसरी गोष्ट, बुशचे बोल्ट गाडी अधांतरी असताना फक्त हलके लावले आणि चाके जमिनीवर टेकल्यावर पूर्ण आवळले. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे सांगायला विसरू नका, मिस्त्री ओळखीचा असला तरी.

काम दोघांना दुपारपर्यंत पुरले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे. स्ट्रट निघाला की पुढच्या चाकांचा कोन थोडा तरी सरकतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी नांदेडला गेलो, सासूबाईंची तपासणीची तारीखही तीच होती. त्या कहाळ्यापर्यंत काही बोलल्या नाहीत, नंतर उशी मागच्या काचेजवळ ठेवून दिली.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासून घेतले, एक थोडा सैल निघाला. जुने शॉकअप मी मागून घेतले होते. एक सातवीच्या वर्गात नेला आणि मुलांना दांडा दाबायला दिला. कसलाही विरोध न करता तो आत गेला. पुढचे टायर मात्र आधीच झिजून उंच-सखल झाले होते, त्यांचा घूं-घूं आवाज शॉकअपने गेला नाही. ते या पावसाळ्याआधी बदलायचे आहेत.