‘चिडखोर’ ह्या शब्दाविषयी

‘चिडखोर’ ह्या शब्दाचा अर्थ ‘रागीट’ असा देऊन थांबणे पुरेसे नाही. घटनेच्या दृष्टीने हा शब्द संकरित आहे. ‘चिड’ ह्या मराठी धातूस फारसी ‘खोर’ लागलेला आहे. फारसीत ‘खोर’ म्हणजे खाणारा. ‘लाचखोर’ ह्या शब्दात तो अर्थ अद्याप जागा आहे, कारण लाच मराठीतही खाल्लीच जाते. ‘भांडखोर’, ‘चिडखोर’ ह्यांत मात्र ‘खोड असलेला’ एवढाच भाव उरला आहे.

ही खोडच महत्त्वाची. दुर्वासांस शीघ्रकोपी म्हणतात. चिडखोर कोणी म्हणत नाही. आई मुलावर रागावते तेव्हा त्या रागात अधिकार असतो; चिडण्यात तो नसतो. शिवाय ‘चिडणे’ ह्यापासून ‘चिडविणे’ हे प्रयोजक रूप होते, आणि चिडविणे हा तर इतरांचा खेळ. डाव हरताच बिथरणाऱ्या मुलास ‘चिडका बिब्बा’ म्हणतात ते ह्याच वृत्तीने. (बिब्बा अंगावर उततो, हे येथे ध्यानात घ्यावे.)

परिणामी, तक्रार करणाऱ्यास एकदा चिडखोर ठरविले, की तक्रारीचे कारण विचारण्याचे प्रयोजन राहत नाही. दोष त्याच्या स्वभावाकडे जातो. ‘तापट’ माणसास लोक निदान वचकून तरी असतात.