डोक्यातलं रक्त काढलं, तरी ते परत का साचतं?

आमच्याकडे परभणीत सीटी स्कॅन झाला की फिल्म हातात पडायच्या आधी तिचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो. माझ्या आजोबांचाही तसाच आला. दीड महिन्यापूर्वी ते बाथरूममध्ये घसरले होते. टेंगूळ आलं, उतरलं, सगळे विसरले. मग डोकं दुखायला लागलं, तोल जायला लागला. रिपोर्टमध्ये नाव होतं क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. नांदेडला ऑपरेशन झालं, आजोबा पाचव्या दिवशी घरी आले. चौथ्या आठवड्यात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. आजी म्हणाली, "अशक्तपणा हाय, चार दिसात निघून जाईल."

अशक्तपणा नव्हता. रक्त परत साचलं होतं, डाव्या बाजूला. मेंदूची डावी बाजू उजवा पाय चालवते.

हे होतं कसं? म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो. त्यामुळे मेंदू आणि कवटीखालचा जाड पडदा यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानंही एखादी फाटते. साचलेल्या रक्ताभोवती शरीर आवरण तयार करतं. त्या आवरणात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या झिरपत राहतात. ऑपरेशनमध्ये डॉक्टर कवटीला एक-दोन छिद्रं पाडून जुन्या इंजिन ऑइलसारखं दिसणारं रक्त बाहेर काढतात. आवरण बहुतेक वेळा आतच राहतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर लॉग फाइल डिलीट केली, पण ती लिहिणारा प्रोसेस चालूच आहे. म्हणून साधारण दहापैकी एक-दोन पेशंटमध्ये रक्त परत साचतं, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत.

धोका कोणाला जास्त? मेंदू खूप आक्रसलेला असेल तर तो पुन्हा फुगून रिकामी जागा भरत नाही, आणि त्या पोकळीत रक्त किंवा हवा राहते. दोन्ही बाजूंना रक्त असेल, आधीच साठा मोठा असेल, दारूची सवय किंवा लिव्हर-किडनीचा आजार असेल, तरी धोका वाढतो. ऑपरेशननंतर नळी ठेवली की नाही यानं तर मोठा फरक पडतो. केंब्रिजच्या डॉक्टरांनी 215 पेशंटवर केलेला अभ्यास 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नळी ठेवलेल्यांत 9.3 टक्के लोकांना परत ऑपरेशन लागलं, न ठेवलेल्यांत 24 टक्के.

आता घरातली गोष्ट. हार्टसाठी रक्त पातळ करणारी गोळी आजोबांना आधीपासून होती. डिस्चार्जनंतर ती कधी सुरू करायची हे कोणी विचारलंच नाही, आणि आईनं जुन्या डब्यातून सवयीनं दुसऱ्याच दिवशी दिली. वर गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली पेनकिलर. अशा बऱ्याच पेनकिलरही रक्त गोठण्यात अडथळा आणतात. ॲस्पिरिनचा परिणाम तर आठवडाभर टिकतो. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करणंही तितकंच वाईट, कारण स्टेंट असेल तर तिथं गाठ होऊ शकते. तारीख न्यूरोसर्जन आणि हार्टच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायची, आपण ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची.

सीटीचा फोटो काढून पाठवता तेव्हा काय हरवतं तेही बघा. मूळ स्कॅनमध्ये करड्या रंगाच्या साधारण चार हजार पायऱ्या असतात, व्हॉट्सअपच्या फोटोत 256, त्यातही कॉम्प्रेशन. ताजं रक्त पांढरट दिसतं, जुनं काळपट. दोन्ही मिसळलेले दिसले तर आत अजून झिरपतंय असा संशय घेतात, आणि अशा गाठी परत येण्याची शक्यता जास्त. नेमकी हीच छटा फोटोत पुसट होते. म्हणून सेंटरवरून सीडी किंवा डायकॉम फाइल मागा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुना स्कॅनही जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच होते.

स्टेरॉइड देऊन हे थांबेल अशी आशा होती. 2020 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत परत ऑपरेशन 7.1 वरून 1.7 टक्क्यांवर आलंही, पण सहा महिन्यांनी स्टेरॉइड घेतलेल्यांची एकूण अवस्था जास्त वाईट निघाली. नवा उपाय म्हणजे आवरणाला रक्त पुरवणारी धमनीच कॅथेटरनं आतून बंद करणं. ब्राझीलचे अध्यक्ष लुला ऑक्टोबर 2024 मध्ये बाथरूममध्ये पडले, डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं आणि दोन दिवसांनी ही प्रक्रिया. त्याच वर्षीच्या एका चाचणीत यामुळे परत ऑपरेशनचं प्रमाण 11.3 वरून 4.1 टक्क्यांवर आलं. ही सोय मात्र प्रत्येक ठिकाणी नसते.

आजोबांचं दुसरं ऑपरेशन झालं. आता दर रविवारी मी त्यांचा ओसरीतून चालतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मागवतो, त्याच जागेवरून, त्याच चपला घालून. पाय ओढला, बोलणं अडखळलं, जास्त झोप यायला लागली किंवा उलटी झाली तर 108 लावायचा नंबर आजीच्या फोनमध्ये पहिला सेव्ह आहे.