कागदी नळीतले सात सेकंद

घट्ट गुंडाळलेल्या कागदाची एक नळी. लांबी ७० मिलिमीटर, जाडी १८. तिच्यावर छापलेलं असतं: सी६-५. मॉडेल रॉकेट उडवणाऱ्याला एवढ्या तीन खुणांत अख्खं उड्डाण वाचता येतं. ‘सी’वरून मोटरची एकूण ताकद कळते, जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद. ए, बी, सी, डी असं एकेक अक्षर पुढे गेलं की ही मर्यादा दुप्पट होते. ‘६’ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. साधारण ६०० ग्रॅम वजन पेलायला लागतो तेवढा, आणि रॉकेट तर भरतं जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम! सुटल्यासुटल्या ते नजरेला का सापडत नाही, ते यावरून लक्षात येईल. उरला शेवटचा ‘५’. माझा सगळ्यात जास्त जीव त्या आकड्यावर आहे.

नळीचा उभा छेद पाहा. तळाशी मातीची तोटी, तिच्यात बारीक भोक. तिच्यावर ठासून भरलेली काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, दहा-बारा ग्रॅम. ती दोन सेकंदांच्या आतबाहेर जळून संपते. रॉकेट मात्र मिळालेल्या वेगावर चढतच राहतं. दारूच्या वर एक संथ जळणारा थर असतो. तो रेटा देत नाही, नुसती धुराची रेघ सोडतो आणि वेळ काढतो: पाच सेकंद. तेवढ्यात रॉकेट शिखराजवळ पोचून जवळपास थबकलेलं असतं. नेमकी तेव्हाच आग सर्वांत वरच्या चिमूटभर दारूला भिडते. ही दारू मागे नाही, पुढच्या बाजूला फुटते. वायूच्या दाबानं नाकाची टोपी निघते आणि पॅराशूट बाहेर पडतं. पॅराशूट होरपळू नये म्हणून मधे न पेटणाऱ्या कागदाचे बोळे ठेवलेले असतात. यात ना चिप, ना बॅटरी. थराची जाडी हेच घड्याळ, आणि ते चालतं स्वतः जळून. हे मला आजही अद्भुत वाटतं.

ही युक्ती सुचली ती एका चपलाबुटांच्या दुकानदाराला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या नॉरफॉक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूचा नाद होता, आणि भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा. दोन्ही नाद एकत्र आले आणि १९५४ च्या सुमारास कागद आणि हलक्या बाल्सा लाकडाचं, पॅराशूटनं अलगद उतरणारं रॉकेट तयार झालं. त्या काळात अमेरिकेतली पोरं धातूच्या नळ्यांत रसायनं ठासून रॉकेटं करत आणि बोटं, डोळे गमावून बसत. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन या धोक्याबद्दल लिहीत होते. त्यांचा लेख वाचून कार्लाइल यांनी १९५७ मध्ये त्यांना पत्र लिहिलं आणि आपली रॉकेटं पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक उडालं आणि ज्याला त्याला रॉकेटचं वेड लागलं. मागणीला पुरतील इतक्या मोटरी कोण करणार? डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी त्यासाठी यंत्रच बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मेबल’. दारू ठासण्याचं काम पोरांच्या हातून निघून यंत्राकडे गेलं. माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा शोध हाच.

पोरांच्या हाती राहिलं ते खरं डोकं लावायचं काम: रॉकेट सरळ जाईल असं बनवणं. सुकाणू नसताना ते सरळ जातं कसं? रॉकेट बोटावर तोललं की गुरुत्वमध्य सापडतो. हवेच्या दाबाचा मध्य वेगळा; तो शेपटीच्या पंखांमुळे मागे सरकतो. तो गुरुत्वमध्याच्या निदान रॉकेटच्या जाडीइतका मागे हवा. मग नाक जरा भरकटलं की हवा शेपटीला ढकलून ते पुन्हा वाटेवर आणते. दिवाळीच्या रॉकेटची लांब काडीही हेच काम करते. दाबमध्य गणितानं काढायची सोपी रीत जेम्स बॅरोमन या नासाच्या अभियंत्यानं १९६६ मध्ये मांडली. ते स्वतः या छंदातलेच! गणित नको असेल तर मोटर बसवलेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्याला दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक. नाहीतर नाकात थोडी माती भरायची.

पंखांना काम करायला वेग लागतो, म्हणून पहिला मीटरभर लोखंडी दांडीचा आधार. आणि वारा असेल तर स्थिर रॉकेट वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडेच तोंड वळवतं. वारा येतो त्या दिशेला झुकत चढतं, मग पॅराशूट त्याला परत आपल्याकडे वाहून आणतं.

किती उंच गेलं, ते दहावीची त्रिकोणमिती सांगते. दांडीपासून १५० मीटरवर उभं राहून शिखराचा कोन मोजा. ६० अंश आला तर १५० गुणिले १.७३२, म्हणजे सुमारे २६० मीटर. रॉकेट झुकून गेलं तर एकट्याचं उत्तर चुकतं. म्हणून स्पर्धांत दोन ठिकाणांहून दोघे उंचीचा कोन आणि दिशा मोजत असत. त्यांची उत्तरं पुरेशी जुळली, तरच ती उंची धरली जात असे.