कठड्याची जाडी

युद्धनौकेच्या डेकच्या कडेने जो कठडा असतो, त्याचे खांब तीन-चार सेंटिमीटर जाडीचे असतात. जहाज 350 पट लहान केलं की तोच खांब एक दशांश मिलिमीटरचा होतो. साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून इतकं बारीक काही काढता येत नाही. साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मजल जाते, त्यापुढे प्लास्टिक साच्याच्या टोकाला पोचायच्या आधीच थिजतं. आता अर्धा मिलिमीटर 350 ने गुणून पाहा. साडेसतरा सेंटिमीटर! डेकभोवती रेल्वेचे स्लीपर उभे करून कुंपण घातल्यासारखं ते दिसतं.

हा दोष कशानेच झाकला जात नाही. जहाजाचं अंग, तोफा, चिमणी सगळं मापात असलं, तरी कठडा जाड दिसला की बघणारा त्याला खेळण्यात जमा करतो. यावर उपाय निघाला तो पितळी पत्र्याचा. एक ते दोन दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या, हेलिकॉप्टरची पाती तयार करतात. मॉडेलवाले या भागांना ‘फोटो-एच’ म्हणतात, किंवा नुसतं ‘पीई’. जहाजाच्या मॉडेलची कला खऱ्या अर्थाने इथे सुरू होते, असं माझं मत आहे. त्याआधीचं काम बरंचसं जोडणीचं असतं.

हे भाग छिन्नीने कोरत नाहीत आणि ठोकूनही काढत नाहीत. पत्रा आधी लख्ख धुतात, मग दोन्ही बाजूंना प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात. त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश लागला तिथला लेप पक्का होतो, उरलेला धुऊन जातो. मग पत्र्यावर फेरिक क्लोराइडचे फवारे मारतात. उघडं पितळ विरघळतं, झाकलेलं राहतं. दोन्ही बाजूंनी उघडं असेल तिथे आरपार भोक पडतं. एकाच बाजूने उघडं असेल तिथे पत्रा अर्धाच खाल्ला जातो आणि खाच पडते. ती खाच म्हणजे घडीची रेघ. जुन्या छापखान्यांत वावरलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ऑफसेट यायच्या आधी मराठी वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत जी चित्रं छापली जात, त्यांचे जस्ताचे ब्लॉक याच तत्त्वावर बनत: लेप, निगेटिव्ह, प्रकाश, आणि मग ॲसिड. ब्लॉकमध्ये खोलगट भाग शाई न लागण्यासाठी हवा होता, इथे तो घडी घालण्यासाठी हवा आहे, एवढाच फरक.

जपानमध्ये शिझुओकाच्या कंपन्यांनी 1971 मध्ये पाण्याच्या रेषेपासून वरच्या जहाजांची 1:700 मापाची मालिका काढली आणि हा छंद जगभर पसरला. पितळी भाग आले त्यानंतर. आज त्यांतलं मोठं नाव म्हणजे 1989 मध्ये सुरू झालेली चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड ही कंपनी. आपल्याकडे जहाजाचं मॉडेल म्हटलं की एनसीसीची नौदल शाखा आठवते. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात जहाज-मॉडेलांची स्पर्धा असते आणि छात्र लाकूड, पुठ्ठा, पत्रा घेऊन महिनोन् महिने झटतात. ती परंपरा मला फार मोलाची वाटते. पितळी भागांचं काम त्याच रस्त्यावर पुढे लागतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र कुठूनही धरला तरी तीनशे किलोमीटरच्या आत नाही. पण पातळ धातू हाताळायचं ज्ञान इथे भरपूर आहे. खामगावची चांदीची बाजारपेठ साऱ्या विदर्भाला ठाऊक. चांदीचा कारागीर पट्टी ठोकता ठोकता मधेच थांबतो, ती लाल होईपर्यंत तापवतो आणि मग पुन्हा हातात घेतो. धातू वाकवला, ठोकला की तो कडक होत जातो. तापवला की पुन्हा मऊ पडतो. पितळी भागांना हाच नियम. कारखान्यातून आलेल्या पत्र्याला स्प्रिंगसारखा ताण असतो. चिमणीभोवतीची गोल कडी वळवायला घेतली तर ती उसळून सरळ होते. तीच कडी गॅसच्या निळ्या ज्योतीवर क्षणभर धरा. पितळ काळपट तांबडं होतं. लगेच बाजूला घ्यायचं, गार होऊ द्यायचं. मग ती बोटाच्या सांगण्यासारखी वळते. घडीच्या रेघेवर दुमडायच्या भागांना मात्र ताव देऊ नये, कारण तिथे कडकपणाच उपयोगी पडतो. आणि एकदा घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली की पितळ त्या रेघेवर मोडतं.

आता जहाज घेऊ. माझ्या मते मराठी माणसाने या कामाला हात घालायचा तर पहिली नौका ‘आयएनएस निलगिरी’ असावी. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही आपली पहिली मोठी आधुनिक युद्धनौका. 23 ऑक्टोबर 1968 रोजी तिचं जलावतरण झालं आणि 3 जून 1972 रोजी ती नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा. त्यामुळे सोय अशी की लिअँडरचे किट मिळतात. एअरफिक्सचं 1:600 मापाचं किट तर खूप जुनं. लिअँडरची लांबी 113.4 मीटर. 1:600 ला ती 19 सेंटिमीटरची होते, 1:350 ला साडेबत्तीस. पितळी कामाला दुसरं माप बरं: माणूस पाच मिलिमीटरचा होतो, कठडा तीन मिलिमीटर उंच.

ही नौका भागाभागाने बसवताना तिचा विचार कळत जातो. पुढे 4.5 इंची जोडतोफ. नळीचं तोंड 114 मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये मिलिमीटरचा एक तृतीयांश. म्हणून या नळ्या लेथवर कातलेल्या पितळेच्या घेतात. मागे हँगर, हँगरच्या छपरावर सीकॅट क्षेपणास्त्रांची जागा, त्यामागे हेलिकॉप्टरचं डेक आणि त्याच्याही मागे खोलगट खड्ड्यात पाणबुडीविरोधी ‘लिम्बो’ तोफेच्या तीन नळ्या. साऱ्या जहाजाला फिरणारा कठडा हेलिकॉप्टरच्या डेकपाशी थांबतो. तिथे उभे खांब चालणार नाहीत, पात्यांना आणि चाकांना अडतील. त्याऐवजी बाहेरच्या अंगाला आडव्या पाडता येणाऱ्या जाळ्या असतात. त्या जाळ्या पितळी पत्र्यावर वेगळ्या दिलेल्या असतात. हेलिकॉप्टर उडायच्या तयारीत दाखवायचं असेल तर आडव्या बसवायच्या, नाहीतर उभ्या. निलगिरीवर चेतक असे. त्याच्या पंख्याचा व्यास अकरा मीटर, म्हणजे इथे तीन सेंटिमीटरच्या थोडा वर. उभ्या हेलिकॉप्टरची तीन पाती आपल्याच वजनाने खाली झुकतात, तो झुकाव चिमट्याने द्यावा लागतो. प्लास्टिकच्या जाड पात्याला तो देता येत नाही.

कठडा बसवण्याची रीत अशी. कागदाची पट्टी डेकच्या कडेला लावून वळणं पेन्सिलीने टिपायची. पितळी कठडा चौकटीतून काचेवर ठेवून धारदार पात्याने सोडवायचा, टोकाची नखं कानशीने घासायची, कागदावरच्या खुणांवर आधीच वाकवायचा. डेकवर बसवून वाकवायला गेलं तर काम बिघडतं. मग सुईच्या टोकावर सुपरग्लूचा ठिपका घेऊन खांबाखांबाच्या पायथ्याला. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर धरतो. खामगाव-मलकापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत तो मुंबईपेक्षा हळू धरतो, म्हणून उन्हाळ्यात शेजारी ओलं फडकं ठेवलेलं बरं. उलट रडारसारखे ताण सोसणारे भाग सोल्डरने जोडलेले टिकतात. पितळ सोल्डर छान घेतं. रंगाआधी भाग चिंचेच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुवावेत आणि प्रायमर द्यावाच, नाहीतर बोट लागताच रंगाची साल निघते. पंखा बंद हवा. आणि पडलेला भाग शोधायला लोहचुंबक कामाचं नाही, पितळ त्याला चिकटत नाही. फरशीवर बॅटरी आडवी धरावी, सावलीवरून भाग सापडतो.

सगळ्यात अवघड निर्णय हातांचा नसतो. जहाज कोणत्या वर्षीचं दाखवायचं, हा असतो. युद्धनौका तीस-तीस वर्षं चालते आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर बदलते. याच वर्गातल्या शेवटच्या दोन नौकांना, तारागिरी आणि विंध्यगिरीला, सी किंग हेलिकॉप्टरसाठी मोठा हँगर दिला गेला. म्हणून लिअँडरचं मूळ किट त्यांना तसंच चालत नाही. मॉडेल करणारा जुने फोटो जमवतो, शिडी कोणत्या बाजूला होती ते पाहतो, तारीख ठरवतो आणि मग तिच्याशी इमान राखतो. निलगिरी 1996 मध्ये निवृत्त झाली आणि 1997 मध्ये सी हॅरियर विमानातून सोडलेल्या क्षेपणास्त्राचं लक्ष्य म्हणून बुडवली गेली. जाऊन हात लावावा, मोजून घ्यावी अशी नौका आता उरलेली नाही. अशा वेळी मापात केलेलं मॉडेल नोंदवहीचं काम करतं, आणि नोंद चुकीची असू नये.

शेवटी येतो ध्वज, आणि तारखेची परीक्षा तिथे होते. 1972 च्या निलगिरीच्या मागच्या काठीवर पांढऱ्या कापडावर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा हवा. 1950 पासून 2001 पर्यंत नौदलाचा ध्वज तसाच होता. सप्टेंबर 2022 मध्ये नवा ध्वज आला, त्यातली अष्टकोनी चौकट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली. सिंदखेडराजाच्या, जिजाऊंच्या जिल्ह्यात बसून नव्या ‘निलगिरी’चं मॉडेल करणाऱ्याला तो ध्वज लावण्याचा आनंद वेगळाच असणार. ही नवी नौकाही माझगाव डॉकचीच, 15 जानेवारी 2025 रोजी दाखल झालेली, 149 मीटर लांब. म्हणजे 1:350 ला साडेबेचाळीस सेंटिमीटर. क्रमांकही तोच आहे, एफ 33. जुन्या किटमधली अंकांची पट्टी दोन्ही जहाजांना वापरायचा मोह होईल, पण अंकांची उंची आणि जागा नव्या फोटोवरून मोजूनच घ्यावी.